दर्शन झाले, प्रदक्षिणा राहिली

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रींचे आगमन झाले की पुण्याच्या जुन्या पेठा दहा दिवस माणसांनी ओसंडून वाहू लागतात. नगर, सातारा, नाशिक, कोकण अशा चारी दिशांनी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. खांद्यावर बसलेली मुले, काठी टेकीत चालणारी वृद्ध मंडळी, दूर्वांची जुडी पिशवीत जपून आणणारी घरची कर्ती स्त्री, अशी ही यात्रा कसब्यापासून केसरीवाड्यापर्यंत मानाच्या पाच गणपतींपुढे हात जोडते, वाटेतील आरास पाहते आणि रात्री उशिरा परत फिरते. या यात्रेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु तिच्यातून चालताना प्रतिवर्षी एक दृश्य आमच्या डोळ्यांत खुपते, आणि यंदाच्या या विशेष पानावर त्याविषयी लिहावे असे मनाने घेतले.

दृश्य असे. एका चौकात मंडळाने पेशवाई वाड्याचा देखावा उभा केलेला असतो. फळ्या, कापड, रंग आणि विजेचे दिवे यांच्या साहाय्याने सुरूदार खांब, कमलाकृती महिरपी, सज्जा, दिंडी, सारे काही हुबेहूब. लोक थबकतात, मुलांना उचलून दाखवितात, छायाचित्रे घेतात. आणि त्याच मांडवाच्या पाठीमागे, बांबूंच्या रानात दडलेला, एक खरा वाडा उभा असतो. त्याच्या खऱ्या खांबाला मांडवाची दोरी बांधलेली असते, खऱ्या दिंडीसमोर जनरेटर ठेवलेला असतो, आणि दाराच्या माथ्यावरील गणेशपट्टीवर कोरलेले, पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर व तेल ल्यालेले गजानन त्या कापडी वाड्याची पाठ पाहत बसलेले असतात. त्यांना त्या दहा दिवसांत नमस्कार करणारा माणूस विरळा.

दर्शन समोरून होते. देवाच्या चारी बाजू कळतात त्या प्रदक्षिणेने. आपल्या रूढीत देवीला एक आणि गणपतीला तीन प्रदक्षिणा सांगितल्या आहेत. खुद्द गजाननाची सर्वांत लाडकी कथा तरी कोणती? पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली असता त्याने जवळच्याच मातापित्यांभोवती फेरी घातली, ती. अशा देवाच्या उत्सवाला येऊन त्याच्या गावाभोवती, त्याच्या शेजाराभोवती एकही फेरी न घालता आपण माघारी जावे, हे आम्हांस विसंगत वाटते.

गेल्या काही वर्षांत जुन्या शहरांतून जाणत्या माणसाबरोबर पायी हिंडण्याची एक चांगली चाल पडली आहे. तिला 'हेरिटेज वॉक' असे नाव आहे. अहमदाबादेत तेथील महानगरपालिकेने 1997 साली अशी नित्याची फेरी सुरू केली. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून पोळांच्या अरुंद बोळांतून ती जामा मशिदीपाशी संपते. आणि 2017 साली त्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यामागे स्वतःच्या गल्ल्या चालून पाहणाऱ्या नागरिकांचाही काही वाटा असावा, असे आमचे मत आहे. पुण्यातही सुटीच्या दिवशी सकाळी पंधरावीस माणसांचा घोळका आणि पुढे एक वाटाड्या, असे चित्र शनिवारवाड्यापाशी, कसब्यात, सोमवारात दिसू लागले आहे. या घोळक्यांत आम्हीही अनेकदा सामील झालो. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी असतात, परप्रांतीय नोकरदार असतात, क्वचित एखादा परदेशी पाहुणा असतो. दिसत नाही ते दूर्वांची जुडी घेऊन आलेले ते कुटुंब! ज्यांच्या देवघरातील रीती समजावून सांगण्यासाठी वाटाड्याला इतके शब्द खर्चावे लागतात, ती माणसे तिथे आली असती तर निम्मे शब्द वाचले असते आणि उरलेली निम्मी माहिती त्यांनीच दिली असती.

फेरीला आरंभ कसब्यातूनच व्हावा, हे ओघाने आलेच. पुण्याच्या पेठा पुढे वारांच्या नावांनी वसल्या. कसबा त्या सर्वांहून जुना. जिजाबाई बालशिवाजीसह पुण्यास आल्या, तेव्हा उजाड झालेल्या या गावात त्यांनी गणपतीचे देऊळ उभारले आणि तोच ग्रामदैवत झाला, ही परंपरा लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली आहे. मात्र देवळातून बाहेर पडून दोनशे पावले चालले की देवाभोवती कोण वसले होते, हे कळते. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, भोई आळी! आपल्या पूजेचे साहित्य बनविणारे हात येथे शेजारी शेजारी नांदत होते. तांबट आळीत आजही काही दारांतून ठोक्यांचा नाद येतो. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत, त्याला बळकटी आणि तेज आणण्याच्या या कामाला मठारकाम म्हणतात. बंब व घंगाळ यांची मागणी ओसरली, तरी ताम्हन आणि कळशी अद्याप घडतात. गौरी ज्या सुपातून घरात येतात, ते सूप विणणारा बुरूड पलीकडच्याच आळीत. चतुर्थीच्या पूजेला बसणाऱ्या यजमानाने एकदा तरी ही आळी पायी ओलांडावी आणि ज्या पात्रात आपण अभिषेक करतो त्यावर किती ठोके पडलेले असतात, हे कानांनी ऐकावे.

आता वाड्याविषयी. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण या फेऱ्यांतून वाड्याचे वर्णन ज्या रीतीने केले जाते त्याविषयी आमची थोडी तक्रार आहे. वाटाडे अभ्यासू असतात. जोते घडीव दगडाचे आहे, वरचे बांधकाम विटांचे व पांढऱ्या मातीचे आहे, सागवानी सांगाड्यावर कडीपाटाचे छत तोलले आहे, हे ते अचूक सांगतात. परंतु वाडा हा नुसता सांगाडा नव्हे. तो बाहेरून आत जाण्याचा एक क्रम आहे. भल्यामोठ्या दरवाजातील दिंडी मुद्दाम ठेंगणी असते. आत शिरणाऱ्याची मान आपोआप लवते, आणि ती लवते बरोबर गणेशपट्टीच्या खाली. उंबरठा ओलांडला की देवडी, मग उघडा चौक. ऊन, पाऊस आणि आभाळ घरात घेणारा हा चौक म्हणजे घराचा श्वास. चौकात तुळशीवृंदावन, कडेने ओसरी, ओसरीवर पाहुणेरावळे; त्यापुढे सोपा, मग माजघर, आणि सर्वांत आत, बहुधा स्वयंपाकघराच्या निकट, देवघर. परका माणूस ओसरीवर थांबे, आप्त माजघरापर्यंत जाई, आणि देवघराशी सोवळ्यातल्या माणसाखेरीज कोणी पोचत नसे. देवळात महाद्वारापासून सभामंडपातून गाभाऱ्याकडे जावे, तोच हा क्रम नव्हे काय? आपल्या पूर्वजांनी राहते घर देवळाच्या बेताने बांधले होते. ही गोष्ट खांबाची उंची मोजून कळत नाही. पावलोपावली आत जाऊन कळते.

हा क्रम ज्यांना पाहावयाचा आहे त्यांनी बेलबागेत जावे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ज्या बेलबाग चौकाचा पुकारा होतो आणि जेथे लाखो लोक रात्र रात्र उभे असतात, त्या चौकाचे नाव कशावरून पडले हे त्यांतील कितीजणांना ठाऊक असेल? लक्ष्मी रस्त्याच्या दुकानांच्या रांगेत एक दार आहे. ते ओलांडले की बाजाराचा गलका मागे पडतो, आणि नाना फडणवीसांनी बांधलेले लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याचा लाकडी खांबांचा सभामंडप, समोर उभे राहते. आम्ही एकदा एका पुणेकर स्नेह्यांना तेथे नेले. त्यांचे सारे आयुष्य त्या रस्त्यावर कापडखरेदी करण्यात गेलेले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत; मग हळूच म्हणाले, "अहो, हे इथे होते?" तुळशीबागेचेही तेच. बांगड्या, भांडी आणि खेळणी यांच्या गर्दीत शिरून राममंदिराचे उंच शिखर मान वर करून पाहणारा ग्राहक आम्हांस अजून भेटावयाचा आहे. अर्थात बाजारहाट करणाऱ्या भगिनींनी या वाक्याचा राग मानू नये. आमच्याही घरची तुळशीबागेची फेरी काही वेगळी नसते.

सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे देऊळ तर कित्येक भाविकांनी नावानेच ऐकलेले असते. नागझरीच्या काठी, भीमगिरजी गोसावी यांनी 1754 साली आरंभिलेले आणि 1770 साली पूर्ण झालेले हे काळ्या दगडाचे देऊळ पुण्याच्या इतर कोणत्याही देवळासारखे नाही. तीन सोंडांची, मोरावर बसलेली मूर्ती आत आहे. बाहेर द्वारपाल, हत्ती आणि पोपट यांच्या सोबतीला दर्शनी भिंतीवर एक गेंडा कोरलेला असून त्याला साखळदंडाने जखडणारा गोरा शिपाई आहे. मराठ्यांचे राज्य भरात असताना, पेशव्यांच्या पुण्यात, एका गोसाव्याच्या पाथरवटाने इंग्रजाला देवळाच्या भिंतीवर अशा कामात गुंतलेला दाखवावा, याचा अर्थ काय लावावयाचा? जाणत्यांत मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. पण नागपंचमीला पाटावर नाग काढणाऱ्या घरातील मुलाने तो गेंडा पाहिला, तर पलाशी आणि बक्सार हे धडे त्याला पुन्हा पाठ करावे लागणार नाहीत. तेथे संस्कृत शिलालेख आहेत, तसाच फारसीही आहे. देवळाच्या पोटात तळघर आहे आणि तेथे त्या गोसाव्यांची समाधी आहे. वाटाड्याचे खरे काम अशा जागी असते. एकट्याने गेलेला भाविक हात जोडून पाच मिनिटांत परततो; बरोबर जाणता असेल तर तोच तासभर भिंतीपुढून हलत नाही. त्या तासाला भक्ती म्हणावयास आमची हरकत नाही.

शनिवारवाड्याविषयी थोडक्यातच लिहितो. 1730 साली पाया घातलेली आणि 1732 साली वास्तुशांत झालेली ही वास्तू 1828 च्या आगीत सात दिवस जळत होती. तटबंदी, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंजी तेवढी उरली. ज्या गणपती रंगमहालात पेशव्यांचा गणेशोत्सव थाटाने होत असे, तो आज पाहावयाचा तर 1790 सालच्या तहाच्या दरबाराचे टॉमस डॅनियल या विलायती चित्रकाराने रंगविलेले चित्र पाहावे लागते. आपल्या देवाच्या दालनाची आठवण परक्याच्या कुंचल्याने राखावी, इतके सांगून पुढे जातो.

कारण राजवाड्यापेक्षा साध्या वाड्यांची चिंता आम्हांस अधिक आहे. अग्नीने त्यांतले काही नेले. 1879 च्या जाळपोळीत बुधवारवाडा नष्ट झाला आणि विश्रामबागवाड्याची हानी झाली. पाण्याने आणखी नेले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचा लोंढा पेठांत शिरला, तेव्हा नदीकाठच्या मातीच्या भिंती अक्षरशः विरघळून गेल्या. पण सर्वांत अधिक वाडे नेले ते कागदाने. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने 1940 सालचे भाडे प्रमाण मानले आणि ते जवळपास तेथेच गोठविले. 1999 चा नवा कायदा आला तरी भाडेवाढ वर्षाला शेकडा चार. ज्या मालकाला एका खोलीचे महिन्याचे भाडे चहाच्या दोन कपांइतकेही मिळत नाही, त्याने कौले कशी शाकारावीत आणि कुजलेली तुळई कशी बदलावी? मालकाला दोष देणे सोपे आहे, भाडेकरूला देणेही सोपे आहे. दोघेही एकाच गळक्या छताखाली म्हातारे झाले, हे सत्य मात्र कोणी पाहत नाही.

आणि वाड्याचे गुणगान करणाऱ्या आम्हां मंडळींनी हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की, त्या चौकाच्या काव्यात दहा बिऱ्हाडांना मिळून एक शौचकूप असे. पहाटे चारला नळाशी रांग लावणारी, अंधाऱ्या स्वयंपाकघरात धुराने डोळे चोळणारी स्त्री त्याच वास्तूत होती. तिच्या सुनेला सदनिका हवीशी वाटली तर तिला वारशाचे शत्रू ठरवू नये. सारे वाडे राखा, असे आमचे म्हणणे नाही. ते शक्य नाही आणि न्याय्यही नाही.

आमचे म्हणणे इतकेच की, जे जाणार आहे ते पाहून तरी घ्या, आणि जे राखता येईल ते कोणते, हे ठरविण्याइतकी ओळख तरी करून घ्या. वाडा उतरविला जातो तेव्हा सागवान वजनावर विकले जाते. दरवाजे, खांब, कोरीव हस्त हे जुन्या बाजारात जातात आणि कुठल्याशा उपाहारगृहाची शोभा होतात. देवघरातील देव नव्या सदनिकेत भिंतीवरच्या कपाटात विराजमान होतात. तेही एक वेळ ठीक. पण गणेशपट्टीचे काय होते? तिच्यावर देव आहे म्हणून ती विकवत नाही, लाकूड आहे म्हणून विसर्जित करवत नाही, आणि नव्या इमारतीच्या लोखंडी फाटकावर ती बसत नाही. एका बांधकामाच्या जागी अशी पट्टी वाळूच्या ढिगाला टेकवून ठेवलेली आम्ही पाहिली. पहारेकरी तिच्यापुढे रोज उदबत्ती लावीत होता. तो बिहारचा होता. वाडा कुणाचा हे त्याला ठाऊक नव्हते.

ज्या घरांतून आता परक्यांच्या फेऱ्या जातात, तेथील माणसांचीही एक बाजू आहे. कसब्यातील एका वाड्यात, मोडकळीला आलेल्या पण स्वच्छ सारवलेल्या ओसरीवर बसलेल्या एका आजींनी आम्हांस सुनावले होते, "पाहायला या हो, पण चपला घालून माजघरात डोकावता, देवाचे फोटो काढता, आणि मी इथे बसलेय तर मला कोणी नमस्कारही करत नाही. हे घर आहे, संग्रहालय नव्हे." आजींचे बोल शंभर टक्के खरे होते आणि त्या दिवशी आमच्या पायांत चपला होत्या. तेव्हापासून आमचा आग्रह आहे की फेरी लहान असावी, घरच्या माणसाची आगाऊ संमती असावी, ओसरीपुढे पादत्राणे जाऊ नयेत, देवघराचे छायाचित्र घेऊ नये, आणि वाड्याची कथा प्रथम त्या घरच्याने सांगावी, वाटाड्याने नंतर. घराचा मान राखणे हे भाविकाला शिकवावे लागत नाही. म्हणूनच आम्हांस त्याचे या फेऱ्यांत येणे हवे आहे.

मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे आमची एक मागणी आहे, आणि ती खर्चाची मुळीच नाही. दहा दिवसांपैकी एक सकाळ द्या. आरतीनंतर, गर्दी जमण्यापूर्वी, सात ते नऊ या वेळात मांडवातून पंचवीस माणसांची फेरी निघावी. पुढे आळीतलाच एखादा जाणता वृद्ध आणि त्याच्या हाताशी महाविद्यालयातला एक तरुण. वृद्धाला कथा ठाऊक असतात, तरुणाला साल ठाऊक असते. दोघे एकमेकांना दुरुस्त करतील. फेरीत आपल्या आळीतील देऊळ, हौद, उरलेला वाडा, आणि जेथे वाडा होता ती जागा, इतके असले तरी पुरे. हौदांची गोष्टही सांगण्याजोगी आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी आणून ते पेठांतील हौदांत खेळविले होते. ज्यांनी घराघरांत पाणी येण्यापूर्वी शहर तहानलेले राहू दिले नाही, त्यांच्या शहरात विसर्जनाच्या दिवशी नदीचे पाणी पाहून आपल्याला काय वाटते, हा प्रश्न फेरीतल्या मुलांनी विचारला तर त्यांना गप्प करू नये. आणि मांडव घालताना खऱ्या वाड्याची दिंडी मोकळी सोडावी. देखाव्यातला वाडा दहा दिवसांनी उतरवावाच लागतो. मागचा उतरविण्याची घाई आपण का करावी?

या पेठांत पोचणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. 2024 साली कसबा पेठेत भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू झाले. जमिनीखालून आलेला भाविक जिन्याने वर येतो तो जवळजवळ ग्रामदैवताच्या दाराशीच. ज्येष्ठांना वाहनतळापासून मैलभर चालावे लागत नाही, म्हणून उरलेले बळ पेठेत चालण्यास उपयोगी पडावे.

आजींच्या त्या वाड्याकडे आम्ही यंदा श्रावणात पुन्हा गेलो होतो. या वेळी चपला पिशवीत होत्या. दिंडीला कुलूप होते. शेजारच्या तांबटाने सांगितले की आजी मुलाकडे कोथरूडला गेल्या आहेत, वाड्याचा करार झाला आहे, दिवाळीनंतर काम सुरू होईल; पण चतुर्थीला त्या येणार आहेत, कारण गणेशपट्टीला शेंदूर लावावयाचा आहे आणि तो दुसऱ्या कोणी लावलेला त्यांना चालत नाही. त्यांच्या दारापुढे यंदाही मांडवाचे बांबू येऊन पडले होते. आम्ही मंडळाच्या मुलांना दार मोकळे ठेवण्याविषयी विनविले. ठेवतो म्हणाले.